डायनासोरच्या पायाखालचं गवत

पोस्ट मोठी आहे. चहा घेऊन बसा, घाईत असाल तर रात्री वाचा.

परवा संध्याकाळी टेंभी नाक्यावर आमच्या नेहमीच्या टपरीवर एक वाद झाला. आमच्या आळीतला एक मुलगा मालाडकडे व्हीएफएक्सच्या स्टुडिओत कामाला आहे. बहुतेक रात्रपाळी, त्यामुळे संध्याकाळचा चहा हाच त्याचा सकाळचा चहा. सोबत आठवीतला भाचा होता. भाच्याने मोबाईलवर एका माहितीपटाचा तुकडा दाखवला. लांब मानेचा डायनासोर हिरव्यागार मैदानातून चाललाय, मागे सूर्य मावळतोय. छान होतं. पण भाचा म्हणाला, "मामा, हे चुकलंय. डायनासोरच्या काळात गवतच नव्हतं. मी वाचलंय."

मामा हसला. "अरे, आमच्या धंद्यात हेच तर काम असतं. प्राणी कॉम्प्युटरवर बनतो, पण मागची जमीन खरी असते, कुठेतरी जाऊन शूट केलेली. त्याला आम्ही प्लेट म्हणतो. त्या प्लेटमध्ये आजच्या काळातलं जे काही आलं असेल, ते पुसायचं. विजेची तार, टायरचा माग, प्लास्टिकची पिशवी. गवतसुद्धा पुसायला सांगतात. इथे कुणीतरी पुसायचा कंटाळा केलाय."

मी म्हटलं, "दोघंही जरा थांबा. या भांडणाचा निकाल आपल्याच महाराष्ट्रात लागलाय. आणि तो लागलाय शेणावरून."

सगळे हसले. पण मी गंमत करत नव्हतो. टपरीवर पाच मिनिटांत सगळं सांगता आलं नाही, म्हणून ही पोस्ट.

आधी गवताचं प्रकरण

१९९९ साली बीबीसीने 'वॉकिंग विथ डायनासोर्स' नावाची मालिका काढली. माझ्या वयाच्या अनेकांनी ती पुढे केबलवर पाहिली असेल. त्याआधी डायनासोर म्हणजे 'जुरासिक पार्क'. १९९४ मध्ये तो आपल्याकडे हिंदीत आला आणि अख्खं ठाणं डायनासोरमय झालं. पण तो सिनेमा होता. बीबीसीच्या मालिकेने वेगळीच गोष्ट केली. वाघसिंहांचा माहितीपट असतो तसाच डायनासोरांचा केला. कॅमेरा झाडीआडून बघतोय, निवेदक शांत आवाजात सांगतोय. बघणाऱ्याला वाटावं की कुणीतरी खरंच तिथे जाऊन शूटिंग करून आलंय.

त्या मालिकेच्या मंडळींना सगळ्यात जास्त पळवलं असेल तर गवताने. डायनासोरांच्या काळात गवत नव्हतं असं तेव्हाचं शास्त्र सांगत होतं. आज पृथ्वीवर गवत नसलेली, तरीही हिरवी जागा शोधायची म्हणजे डोकेदुखी. त्यासाठी ही मंडळी चिली, न्यूझीलंड, टास्मानिया, न्यू कॅलेडोनिया अशा लांब लांब ठिकाणी गेली. म्हणजे चूक होऊ नये म्हणून त्यांनी जिवापाड मेहनत घेतली. हे मुद्दाम सांगतोय, कारण पुढे चुकांची यादी येणार आहे आणि मला कुणाची टिंगल करायची नाही.

आता चंद्रपूर जिल्ह्यात या. बाबा आमट्यांचं आनंदवन ज्या वरोऱ्यात आहे, त्याच वरोरा तालुक्यात पिसदुरा नावाचं गाव आहे. या गावाच्या शिवारात हाडांचे जीवाश्म सापडतात, हे एकोणिसाव्या शतकापासून माहीत आहे. नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजला ज्यांचं नाव दिलंय, त्या स्टीफन हिस्लॉप यांनी इथल्या जीवाश्मांची नोंद केली होती. इथे हाडांबरोबर आणखी एक वस्तू मिळते. दगड झालेली विष्ठा. सोप्या भाषेत, डायनासोरचं शेण. चार्ल्स मॅटली या भूवैज्ञानिकाने १९३९ साली पिसदुऱ्याच्या या शेणावर लेख लिहिला. म्हणजे वस्तू कागदोपत्री आली होती. पण तिच्या पोटात काय दडलंय ते कळायला पुढची साठ-पासष्ट वर्षं गेली.

गवत जमिनीतून वाळूचा अंश शोषून घेतं आणि त्याचे काचेसारखे बारीक कण आपल्या पानांत साठवतं. भाताची लावणी-कापणी केलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. पात हातावरून सर्रकन फिरली की कापतं, त्याला हीच वाळू कारण. गवत कुजतं, पण हे कण कुजत नाहीत. आणि वनस्पतीच्या घराण्यागणिक त्यांचा आकार वेगळा असतो. सूक्ष्मदर्शकाखाली बघून कण कुणाचा ते ओळखता येतं.

लखनौच्या बिरबल साहनी संस्थेच्या वंदना प्रसाद, स्वीडनच्या कॅरोलिन स्ट्रॉमबर्ग, हबीब अलिमोहम्मदियन आणि ज्येष्ठ जीवाश्मतज्ज्ञ अशोक साहनी यांनी पिसदुऱ्याचं शेण तपासलं. त्यात गवताचे कण निघाले. एका नाही, निदान पाच प्रकारच्या गवतांचे. नोव्हेंबर २००५ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात हे प्रसिद्ध झालं आणि जगभरच्या पुस्तकातलं एक वाक्य बदलावं लागलं. डायनासोर संपण्याआधीच आपल्या भूभागावर गवत उगवलेलं होतं, आणि डायनासोर ते खात होते. पुढे २०११ मध्ये याच संशोधनाच्या ओघात असं दिसलं की त्यातलं काही गवत भाताच्या घराण्यातलं आहे. आपल्या ताटातल्या भाताचे भाऊबंद डायनासोरच्या पोटात गेले होते!

म्हणजे १९९९ साली ज्या गवतापासून पळत बीबीसीची मंडळी अर्धं जग फिरली, ते गवत इकडे वरोऱ्याच्या मातीत शेणात बसून होतं.

मग टपरीवर जिंकलं कोण? भाचा का मामा? खरं सांगायचं तर दोघंही थोडे थोडे. गवत होतं, हे खरं. पण गवताची मैदानं नव्हती. झाडोऱ्यात मधूनमधून गवत उगवलेलं असणार. क्षितिजापर्यंत हिरवा गालिचा, ज्यावर आपण क्रिकेट खेळू, ते दृश्य पृथ्वीवर यायला डायनासोर गेल्यानंतर कोट्यवधी वर्षं लागली. तेव्हा भाच्याच्या मोबाईलमधलं मैदान चूकच. फक्त त्याने सांगितलेलं कारण जुनं झालं होतं.

आठवीतल्या पोराला मी हे सांगितलं तेव्हा त्याने विचारलं, "मग पुस्तकात खोटं लिहिलं होतं का काका?" त्याचं उत्तर मला पटकन देता आलं नाही.

नसलेलं डोकं

त्याच वरोरा भागात डोंगरगावची टेकडी आहे. १९८० च्या दशकात कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटच्या लोकांनी तिथून एका अजस्र डायनासोरची हाडं काढली. सोहन लाल जैन आणि शाश्वती बंद्योपाध्याय यांनी १९९७ मध्ये त्याचं सविस्तर वर्णन केलं. २००३ मध्ये त्याला नवं नाव मिळालं, आयसिसॉरस. इन्स्टिट्यूटच्या आद्याक्षरांवरून, आय-एस-आय. आपला अस्सल विदर्भातला डायनासोर.

मे २०२३ मध्ये अॅपल टीव्हीच्या 'प्रीहिस्टॉरिक प्लॅनेट' मालिकेच्या दुसऱ्या भागात हा आयसिसॉरस आला. डेव्हिड अॅटनबरोंचं निवेदन, आणि मागे आपल्या दख्खनचा धगधगता लाव्हा. कळप अंडी घालायला त्या प्रदेशातून चाललाय. मराठी माणसाने तो भाग बघावाच, मी दोनदा पाहिला.

पण दुसऱ्यांदा बघताना एक गोष्ट डोक्यात होती. आयसिसॉरसची कवटी डोंगरगावला सापडलेली नाही. मणके आहेत, खांद्याची हाडं आहेत, पुढच्या पायाचं दांडगं हाड आहे. डोकं नाही. पडद्यावर जे डोकं हलतं, डोळे मिचकावतं, ते त्याच्या जगभरच्या नातेवाइकांवरून अंदाजाने बसवलेलं आहे. कातडीचा रंगही अंदाजच.

यात लबाडी काही नाही. डोक्याविना डायनासोर पडद्यावर चालवणार कसा? माझा मुद्दा वेगळा आहे. शास्त्रज्ञ लेख लिहितो तेव्हा 'बहुधा', 'असावं', 'पुराव्याअभावी' असे शब्द वापरतो. चित्राला 'बहुधा' म्हणता येत नाही. डोकं काढलं की ते शंभर टक्के काढलेलं असतं. मणका पुराव्यातला आणि डोकं अंदाजातलं, पण पडद्यावर दोन्ही सारख्याच उजेडात चमकतात. बघणाऱ्याला सांधा दिसत नाही. आणि आमच्या आळीतला मुलगा म्हणतो तसं, "सांधा दिसला नाही पाहिजे, याचेच तर आम्हाला पैसे मिळतात."

अंदाज कधी कधी हाताबाहेरही जातो. बीबीसीच्या त्याच १९९९ च्या मालिकेत लायोप्लुरोडॉन नावाचा समुद्री प्राणी २५ मीटर लांब दाखवला होता. तुटपुंज्या अवशेषांवरून ताणलेला आकडा होता. प्रत्यक्षात तो त्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास भरतो असं आज मानतात. पण ज्या पोरांनी तो तेव्हा पाहिला, त्यांच्या डोक्यात तो अजून २५ मीटरचाच आहे. माझ्याही होता.

आता उलट उदाहरण बघा. नागपूरचे भूवैज्ञानिक धनंजय मोहबे यांनी १९८० च्या दशकात गुजरातच्या धोली डुंगरी गावात डायनासोरची अंडी आणि बारीक हाडं असलेला दगड मिळवला. हाडं पिल्लाची असावीत असं तेव्हा वाटलं. पुढे २००१ मध्ये अमेरिकेचे जेफ्री विल्सन तो दगड बघत होते, तेव्हा त्यांना त्यात सापाचे मणके दिसले. घरट्यावर आलेला साप, अंड्यांशेजारी, आणि नुकतंच बाहेर आलेलं पिल्लू. सगळे एकाच वेळी गाडले गेलेले. मोहबे आणि विल्सन यांनी मिळून २०१० मध्ये हे जगापुढे मांडलं. ज्या माणसाने पहिला अर्थ लावला होता, त्यानेच दुरुस्तीवर सही केली. शास्त्र असं चालतं. माहितीपट एकदा प्रसारित झाला की त्याची दुरुस्ती कोण दाखवणार?

माझी स्वतःची चूक

दुसऱ्यांच्या चुका सांगतोय तर स्वतःचीही सांगतो. पत्रकारितेचा डिप्लोमा करून नुकताच एका स्थानिक पत्रात लागलो होतो. मुरबाडकडून फोन आला, शेत सपाट करताना गोल गोल मोठाले दगड निघालेत, अंड्यासारखे. मी एसटीने गेलो. खरंच अंड्यासारखे होते. वरची साल पापुद्र्यासारखी सुटत होती. गावात गर्दी, कुणी हळदकुंकू वाहिलेलं. मी फोटो काढला आणि बातमी दिली. मथळा, 'मुरबाडमध्ये डायनासोरची अंडी?' शेवटी प्रश्नचिन्ह टाकलं, म्हणजे आपली जबाबदारी संपली असं तेव्हा वाटायचं.

दोन दिवसांनी कॉलेजातल्या भूगोलाच्या एका जुन्या सरांनी बोलावून घेतलं. रागावले नाहीत. म्हणाले, "अरे, आपण उभे आहोत तो अख्खा प्रदेश लाव्हाचा आहे. काळा पाषाण. त्याला भेगा पडतात, भेगांतून पाणी मुरतं, कोपरे आधी झिजतात आणि मधे गोल गाभा उरतो. कांद्याच्या पाकळ्या सुटाव्यात तसा. उकळत्या लाव्ह्यात कोण अंडी घालील?"

ती बातमी मागे घेणारी चौकट छापली गेली नाही. मीही आग्रह धरला नाही. पुढे कितीतरी वर्षं मला लोक भेटायचे आणि कौतुकाने म्हणायचे, "मुरबाडची डायनासोरची अंडी तुम्हीच शोधलीत ना?" त्यांना खरं सांगितलं की चेहरा पडायचा. मथळ्यातलं प्रश्नचिन्ह कुणाच्याच लक्षात नव्हतं.

योगायोग बघा. डिसेंबर २०२३ मध्ये मध्य प्रदेशच्या धार जिल्ह्यातून बातमी आली. पाडल्या गावातले लोक पिढ्यानपिढ्या ज्या गोल दगडांना 'काकड भैरव' म्हणून पुजत होते, ते तज्ज्ञांनी तपासले तर डायनासोरची अंडी निघाली. आम्ही दगडाला अंडं म्हटलं, तिकडे अंड्याला देव म्हटलं. दोन्हीकडे डोळ्यांनी जे दिसलं ते पुरेसं नव्हतं.

सरांचं ते वाक्य माझ्या डोक्यातून गेलं नाही. ठाण्याचा पारसिक डोंगर, ज्याच्या बोगद्यातून २०२२ पर्यंत तुमची फास्ट लोकल जायची, तो त्याच लाव्ह्याचा. अंबरनाथचं १०६० सालचं शिवमंदिर ज्या काळ्या दगडातून उभं राहिलं, तो दगड त्याच लाव्ह्याचा. कल्याणहून माळशेजला जा आणि समोरच्या कड्याकडे बघा. आडव्या आडव्या पट्ट्या दिसतील, एकावर एक पायऱ्या रचाव्यात तशा. एकेक पट्टी म्हणजे लाव्ह्याचा एकेक लोंढा, सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या काळातला. 'डेक्कन ट्रॅप' मधला ट्रॅप हा शब्द पायरीवरूनच आलाय, स्वीडिश भाषेतून. दख्खनचा लाव्हा मुख्यतः जमिनीला पडलेल्या लांबच लांब भेगांतून वर आला आणि पुरासारखा पसरला. त्यामुळे एखाद्या व्हिडिओत दख्खन म्हणून टोकदार शंकूचा एकच डोंगर आणि त्याच्या शेंड्यातून फटाक्यासारखी आग दाखवली, तर समजा की चित्र दुसरीकडून उचललंय. हे ओळखायला शास्त्रज्ञ व्हायची गरज नाही. माळशेजला एकदा भज्या खाताना वर बघितलं तरी पुरे.

माकडाचा माणूस होणारा व्हिडिओ

डायनासोरपर्यंत चुका झाल्या तर कुणाचं फारसं बिघडत नाही. लायोप्लुरोडॉन सात मीटरचा की पंचवीसचा, यावरून कुणाचं घर मोडत नाही. पण हाच प्रकार माणसाच्या पूर्वजांच्या बाबतीत होतो, तेव्हा गोष्ट थेट शाळेपर्यंत आणि मंत्र्यांपर्यंत जाते.

१९०८ मध्ये फ्रान्समध्ये निअँडरथल माणसाचा एक सांगाडा सापडला. पुढच्याच वर्षी एका सचित्र साप्ताहिकात त्याचं चित्र आलं, केसाळ, वाकलेला, हातात सोटा घेतलेला राक्षस. मार्सेलिन बूल या मोठ्या शास्त्रज्ञानेही त्याला पोक काढून, गुडघे वाकवून चालणारा ठरवला. १९५७ मध्ये दोन शरीररचनातज्ज्ञांनी तो सांगाडा पुन्हा तपासला. तो वयस्क होता आणि सांधेदुखीने बेजार होता. म्हणजे आमच्या आळीतल्या गुडघेदुखीच्या आजोबांवरून कुणी अख्ख्या ठाण्याची चाल ठरवावी, तसं झालं होतं. पण तोवर 'गुहेतला वाकडा माणूस' सिनेमात, व्यंगचित्रात, सगळीकडे पोचला होता. अजून आहे.

दुसरं चित्र तुम्ही नक्की पाहिलंय. डावीकडे माकड, मग थोडं ताठ माकड, मग अर्धा माणूस, शेवटी पूर्ण माणूस, सगळे एका रांगेत चाललेत. टीशर्टवर असतं, जाहिरातीत असतं. ते मूळ चित्र १९६५ चं, रुडॉल्फ झॅलिंगर या चित्रकाराचं, 'अर्ली मॅन' या पुस्तकातलं. त्या पुस्तकात स्पष्ट लिहिलं होतं की यातले सुरुवातीचे प्राणी चार पायांवर चालणारे होते, फक्त तुलनेसाठी सगळे उभे दाखवलेत. पण झालं काय? चित्र जगभर फिरलं आणि ती ओळ पुस्तकातच राहिली.

त्या रांगेत एक आपलाही होता. रामापिथेकस. १९३२ मध्ये एडवर्ड लुईस या अमेरिकन संशोधकाला शिवालिकच्या टेकड्यांत, आजच्या हिमाचलात, जबड्याचा तुकडा मिळाला. त्याला रामाचं नाव दिलं गेलं. जबड्याच्या तुकड्यांवरून तो माणसाचा पूर्वज ठरला आणि चित्रात दोन पायांवर उभाही राहिला. पायाचं हाड हातात नसताना! १९८२ च्या सुमारास डेव्हिड पिलबीम यांनी त्याच घराण्यातल्या शिवापिथेकसचा चेहरा मांडला. चेहरा निघाला ओरांगउटानच्या वळणाचा. माणसाच्या थेट वंशावळीतून रामापिथेकस बाहेर गेला. पिलबीम हे स्वतः आधी त्याला माणसाचा पूर्वज मानणाऱ्यांपैकी होते. त्यांनी आपलं मत बदललं. आपल्या पाठ्यपुस्तकांत मात्र तो पुढे कितीतरी वर्षं माणसाचा पूर्वज म्हणून मुक्कामाला राहिला.

आणि आता कॉम्प्युटर आल्यावर त्या रांगेची पुढची पायरी झाली. माकडाचा चेहरा हळूहळू वितळतो, केस आत जातात, कपाळ वर येतं, आणि दहा सेकंदांत माणूस तयार. याला मॉर्फिंग म्हणतात. दिसायला जबरदस्त. शास्त्राच्या दृष्टीने फार मोठी गफलत. एक तर आज जिवंत असलेलं माकड आपला पूर्वज नाही, तो चुलत घराण्यातला. दुसरं, कुठल्याही एका प्राण्याचा दुसरा प्राणी कधीच होत नाही. हजारो पिढ्यांत लोकसंख्या थोडी थोडी बदलत जाते, फांद्या फुटतात, बऱ्याच फांद्या वाळून जातात. हे दहा सेकंदांत दाखवता येत नाही, म्हणून एकच चेहरा वितळवतात.

जानेवारी २०१८ मध्ये तेव्हाच्या औरंगाबादेत एका संमेलनात केंद्रातले तत्कालीन राज्यमंत्री सत्यपाल सिंह म्हणाले होते की डार्विन चुकीचा आहे, कारण माकडाचा माणूस होताना आपल्या पूर्वजांपैकी कुणी पाहिलेलं नाही. देशभर गदारोळ झाला. विज्ञान अकादमींनी निवेदन काढलं. खात्याचे मंत्री प्रकाश जावडेकर यांनी त्यांना अशी विधानं टाळायला सांगितलं. मीही तेव्हा इथे खरमरीत पोस्ट लिहिली होती.

आज मागे वळून बघताना वाटतं, त्यांनी डार्विनला खोडून काढलं नव्हतं. त्यांनी खोडून काढला तो मॉर्फिंगचा व्हिडिओ. 'माकडाचा माणूस होताना कुणी पाहिला नाही' हे वाक्य अक्षरशः बरोबर आहे. तसं कधी घडलंच नाही, आणि तसं घडलं असं डार्विन म्हणतही नाही. चित्राची चूक शास्त्राच्या खात्यावर टाकली गेली. आणि त्या सभागृहात बसलेल्या कित्येकांना ते पटलं असणार, कारण त्यांच्याही डोक्यात उत्क्रांती म्हणजे तेच वितळणारं माकड.

आपल्या दारातला पुरावा

मग खरं काय सापडलंय? फार दूर जायला नको. १९३० च्या दशकात टॉड नावाच्या एका ब्रिटिश नौदल अधिकाऱ्याने कांदिवलीजवळ अश्मयुगीन माणसाची दगडी हत्यारं शोधून त्यावर लेख लिहिले. येऊरच्या जंगलाची पलीकडची बाजू. कल्याणहून माळशेज चढून जुन्नर तालुक्यात उतरलात की कुकडी नदीकाठी बोरी गाव लागतं. तिथे ज्वालामुखीच्या राखेच्या थरासोबत दगडी हत्यारं मिळाली. पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी तिथे काम केलं, आणि राखेच्या वयावरून अभ्यासकांत मोठा वाद झाला. ही हत्यारं करणाऱ्याचं हाड मात्र या दोन्ही ठिकाणी मिळालेलं नाही.

हाड मिळालं ते डिसेंबर १९८२ मध्ये, नर्मदेकाठी हथनोरा इथे, भूवैज्ञानिक अरुण सोनकिया यांना. कवटीचा वरचा भाग. चेहरा नाही. म्हणजे भारतातल्या आदिमानवाचा म्हणून एखाद्या व्हिडिओत नाकीडोळी नीटस चेहरा दाखवला, तर विचारा, हे नाक कुठून आणलंत? उत्तर असेल, इतर देशांतल्या कवट्यांवरून. चालेल. फक्त तेवढं सांगा.

आता मुद्दा

कुणी म्हणेल, पत्रकार साहेब, खड्डे, पाणी, लोकलची गर्दी सोडून हे काय काढलंत? म्हणून सांगतो.

२०२२-२३ पासून एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग काढला गेला. कारण दिलं ओझं कमी करण्याचं. एप्रिल २०२३ मध्ये अठराशेहून जास्त शास्त्रज्ञ आणि शिक्षकांनी तो परत आणा म्हणून पत्र लिहिलं. बारावीला जीवशास्त्र घेणाऱ्याला तो भाग आहे. पण दहावीनंतर कॉमर्सला, आयटीआयला जाणाऱ्याला? आपल्या राज्य मंडळाने २०१८ मध्ये काढलेल्या दहावीच्या विज्ञानाच्या दुसऱ्या भागात 'आनुवंशिकता व उत्क्रांती' हा पहिलाच धडा होता. तो उद्याही राहिला पाहिजे, आणि नीट दुरुस्त होऊन राहिला पाहिजे.

कारण धडा गेला की जागा रिकामी राहत नाही. तिथे मोबाईल येतो. आता तर व्हीएफएक्सचं शिक्षणही लागत नाही. एआयला एक ओळ लिहिली की डायनासोरच्या पाठीवर बसलेला आदिमानव एका मिनिटात तयार. दोघांमध्ये सहा कोटींहून जास्त वर्षांचं अंतर, पण व्हिडिओत एकाच ओढ्यावर पाणी पितात. बीबीसीची मंडळी गवत टाळायला न्यूझीलंडला गेली होती. आज चूक टाळायला कुणी खुर्चीवरून उठतसुद्धा नाही.

भाच्याच्या प्रश्नाचं उत्तर मला आता सापडलंय. पुस्तकात खोटं लिहिलं नव्हतं बाळा. तेव्हा हातात जो पुरावा होता त्यावर ते लिहिलं होतं. मग पिसदुऱ्याचं शेण बोललं आणि लिहिणाऱ्यांनी वाक्य बदललं. ज्याच्याकडे वाक्य बदलायची सोय असते आणि लाज वाटत नाही, त्याच्यावर विश्वास ठेवायचा. कधीच न चुकणाऱ्यापासून मात्र सांभाळून राहायचं. मग तो व्हिडिओ असो, नेता असो, नाहीतर आमच्यासारखा पत्रकार.

जाता जाता एक विनंती आपल्या मंडळांना. १९९४ नंतर आमच्या लहानपणी गणपतीत एका मंडळाने डायनासोरचा चलतदेखावा केला होता. फोमचा डायनासोर मान हलवायचा आणि कोपऱ्यात आदिमानव त्याला दगड मारायचा. आम्ही तीनतीनदा रांग लावली. नवरात्रात टेंभी नाक्यावर काय तोडीची सजावट होते, ती बघायला कुठून कुठून लोक येतात, ते मी सांगायला नको. हात आपल्याकडे आहेत, कला आहे. एखाद्या वर्षी कुणीतरी वरोऱ्याचा आयसिसॉरस उभा करा. पायाशी थोडंसं गवत ठेवा, मैदान नको. आदिमानव नको. आणि डोक्याखाली एक पाटी लावा: 'डोकं सापडलेलं नाही, हा अंदाज आहे.'

पोरं ती पाटी वाचून प्रश्न विचारतील. देखाव्याचं बक्षीस मिळो न मिळो, माझ्याकडून पहिल्या रांगेत उभं राहायचं नक्की.

आणि हो, मुरबाडची ती अंडी नव्हती. दगड होते. एवढ्या वर्षांनी का होईना, दुरुस्ती छापतोय.

पटलं तर पुढे पाठवा. काही चुकलं असेल तर कमेंटमध्ये सांगा, बदलतो.